दिवसाचे युनिट

पाऊस गेला की खांदेश्वरात आठ-दहा दिवस बरे जातात. मग एका सकाळी दार उघडावं तर हवा जागची हललेली नसते. स्टेशनपलीकडच्या मोकळ्या जमिनीतलं गवत शेंड्याकडून पिवळं पडायला लागतं. डबकी आटतात, खाली चिखलाच्या खपल्या उठतात. दुपारी खाडीकडून खारट कुजका वास येतो आणि संध्याकाळी वारा फिरला तर तळोज्याच्या कारखान्यांकडचा, घशाशी चिकटणारा. ह्याला इथे सगळे ऑक्टोबर हीट म्हणतात. आमच्याकडे, वाशीम जिल्ह्यात, ह्याच दिवसांत सोयाबीन निघतं. ऊन तिथेही कडकच असतं, पण सावलीत गेलं की माणूस सुटतो. इथलं ऊन सावलीत मागे मागे येतं, जिन्यात येतं, रात्री गादीतसुद्धा असतं.

परवा असाच दिवस उजाडला आणि रूमवर विषय निघाला. ह्या महिन्यात बिल फुटणार, कोणीतरी मीटरवर लक्ष ठेवायला पाहिजे, गजूभाऊ सगळ्यांत जुने आहेत, त्यांनीच ठेवावं. मी म्हटलं, भांडी सांगा, गॅसचा नंबर लावायला सांगा, संडास धुवायला सांगा, पण मीटर मला सांगू नका. रूमवरची दोघं नवी पोरं म्हणाली, एवढं साधं काम, नाही कशाला म्हणायचं? मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर एसीचे डबे घरघरत होते, त्यांच्या नळ्यांतून थेंब थेंब पाणी खाली पडत होतं. मला तीन वर्षांमागचा ऑक्टोबर आठवला. आठवला असं म्हणतो, पण तो जातो कुठे.

मी नववीतून शाळा सोडली. कारणं होती, सगळ्यांकडे असतात. नंतर चार-सहा वर्षं गावातच इकडचं तिकडचं केलं. मग आमच्या गल्लीतला दत्ताभाऊ दिवाळीला घरी आला, तेव्हा आई त्याच्याशी बोलली. तो तळोज्याला एका कंपनीत कंत्राटी कामगार होता, दहा वर्षं झाली होती, बहुतेक नाईट शिफ्ट. त्याने मला सोबत आणलं. खांदेश्वरातल्या वन बीएचकेमध्ये जागा दिली, डिपॉझिटातला माझा वाटा स्वतः भरला आणि परत कधी विचारला नाही. सीवूड्सच्या एका सुपरमार्केटमध्ये त्याच्याच ओळखीने मला काम लागलं. पहिल्या दिवशी माझ्या पायात स्लीपर होती म्हणून त्याने आपले बूट काढून दिले. ते एक नंबर मोठे होते. पुढे कागद कोंबून मी ते वर्षभर घातले.

रूमवर आम्ही तिघं. तिसरा सुहास, लांज्याचा, एका लॅबमध्ये काऊंटरवर बसायचा. बी.कॉम. होता, वाईट नव्हता, फक्त जिभेला हाड नव्हतं. भाडं तो आणि दत्ताभाऊ जास्त देत, मी कमी. त्याच्या बदल्यात पाणी भरणं, केर, भाजी माझ्याकडे. बिलाचे मात्र तीन सारखे भाग.

बेडरूममध्ये घरमालकाने लावलेला जुना एसी होता. त्या वर्षी पाऊस असेपर्यंत त्याचं काही वाटलं नाही. पण गणपतीनंतरच्या महिन्यात दमटपणा असा झाला की सुहास रात्रभर एसी चालू ठेवायला लागला, आणि बिल साडेचार हजार आलं. त्या दिवशी तो जेवताना मला म्हणाला, ‘गजू, टेन्शन नको घेऊ, पण असंच बिल आलं ना, तर भाड्याचे पण सारखे तीन भाग करू. नाहीतर तू दुसरी रूम बघ. मी वाईट म्हणून नाही सांगत.’ दत्ताभाऊ म्हणाला, त्याले कायले भेव दाखवतं, मी हाये ना. सुहास हसला. मी हसलो नाही. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर पनवेलचं बसस्टँड आणि माझी बॅग एवढंच येत राहिलं.

मग मीच म्हटलं की मी मीटर बघतो. रोज सकाळी आठला आणि रात्री आठला खाली जाऊन आकडा लिहीन. किती युनिट कधी जळतात ते कळलं की बिल आटोक्यात येईल. दत्ताभाऊला ते फार आवडलं. पोरगं हुशार होतं, शाळा सुटली म्हून, असं काहीतरी तो म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही आवडलं. नववीपर्यंतच्या गणितावर कोणी विश्वास ठेवून काम देतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी शंभर पानी वही आणली. पट्टीने रकाने आखले.

नियम ठरले. गीझर बंद. इस्त्री फक्त रविवारी. फोन ज्याने त्याने कामावर चार्ज करायचा. फ्रिजमध्ये दुधाच्या एका पिशवीशिवाय काही नसायचं, म्हणून दिवसा फ्रिजही बंद. सुहास रोज विचारायचा, गजू, आज फ्रिजला एकादशी की चतुर्थी? एसीसाठी आम्ही पाळी लावली. रात्री अकरा ते बारा मी आणि सुहास. दत्ताभाऊ रात्री कंपनीच्या बसने जायचा आणि सकाळी नऊला यायचा, म्हणून दहा ते अकरा त्याचा. खोली गार झाली की त्या गारव्यावर डोळा लागायचा, पुढचं पंख्याने रेटायचं. दत्ताभाऊ म्हणाला होता, मले नसला तरी चालते. पण मीच आग्रह धरला. तेवढी कृतज्ञता होती माझ्यात तेव्हा.

दिवसा झोपणाऱ्या माणसाची झोप मी त्या दिवसांत जवळून पाहिली. ती सलग नसतेच. खालून भंगारवाला जातो, वरच्या मजल्यावर कोणी मिक्सर लावतं, कुरिअरवाला बेल वाजवतो. खिडकीला आम्ही जुनी चादर लावली होती, तिच्या भोकांतून उन्हाचे ठिपके त्याच्या अंगावर सरकत जायचे. अकराला एसी बंद झाला की तो बाराच्या सुमारास उठायचा आणि स्वयंपाकघरातल्या लादीवर येऊन पडायचा. पंचा ओला करून छातीवर. माझी सुट्टी असली की मी तिथेच भाजी निवडत असायचो. तो कूस वळला की लादीवर त्याच्या पाठीचा ओला आकार राहायचा, आणि बघता बघता सुकून जायचा. संध्याकाळी उठल्यावर म्हणायचा, भारी झोप झाली राजा. डोळे तांबारलेले असायचे.

पहिल्याच आठवड्यात वहीत एक गोष्ट दिसायला लागली. रात्रीचे युनिट चार-पाच. दिवसाचे दहा, अकरा, कधी बारा. मी पुन्हा पुन्हा वजाबाकी केली, चुकत नव्हती. दिवसा घरात एकटा दत्ताभाऊ. एक तास एसी आणि एक पंखा ह्यांना एवढे युनिट लागत नाहीत, एवढं मला कळत होतं. सुहासने वही उचलून पाहिली आणि शीळ घातली. ‘तुझे भाऊ दिवसभर काश्मीरला असतात वाटतं,’ म्हणाला. मी म्हटलं, मीटर बिघडला असेल. तो म्हणाला, मीटर कशाला बिघडेल, माणूस बिघडतो.

माझी सुट्टी मंगळवारी असायची. त्या मंगळवारी दुपारी दोनला मी कोणाला न सांगता खाली मीटररूममध्ये गेलो. मीटरवर एक लाल दिवा असतो. वापर वाढला की तो भराभर लुकलुकतो. आमच्या मीटरचा दिवा धाप लागल्यासारखा लुकलुकत होता. मी तीन मजले धावत चढलो. दत्ताभाऊ लादीवर उताणा झोपलेला होता, तोंड उघडं, एक पाय भिंतीला टेकवून. मी बेडरूममध्ये जाऊन एसीच्या अंगावर हात ठेवला. तो भिंतीसारखाच तापलेला होता. खोली तर भट्टी झाली होती.

तीन मजले चढायला मिनिटसुद्धा लागत नाही. तेवढ्यात एसी बंद करून, खोली तापवून, लादीवर येऊन घोरायला कोणाला जमेल? हा विचार तेव्हा मनात आला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला होता. मी तो बाजूला सारला. माझ्या हाताला जे लागत होतं त्याच्यापेक्षा वहीतला आकडा मला खरा वाटला, कारण वही माझी होती.

संध्याकाळी मी एसीचा रिमोट भिंतीवरच्या खिळ्यावरून काढला आणि दत्ताभाऊला सांगितलं की त्याचे सेल संपलेत, दुकानातून नवे टाकून आणतो. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, ‘आन सवडीनं. घाई नाई.’

रिमोट मी डब्याच्या पिशवीत ठेवला. रोज कामावर न्यायचो, रात्री तो गेल्यावर काढायचो, अकरा ते बारा मी आणि सुहास गार हवेत झोपायचो. सेल कधी संपलेच नव्हते.

माझं काम दूध-दही-पनीरच्या विभागात होतं. तिथे थंडी एवढी असते की दुकानातून आम्हाला स्वेटर मिळतो. बाहेर लोक घामाने निथळत यायचे आणि मी भर ऑक्टोबरात निळा स्वेटर घालून दह्याचे डबे लावायचो. नाक गळायचं. दुपारी दोन वाजले की हटकून घड्याळाकडे लक्ष जायचं. आत्ता तो लादीवर आला असेल. पिशवी लॉकरमध्ये होती. कधीकधी वाटायचं, हाफ डे टाकावा, जावं, रिमोट खिळ्याला लावावा, म्हणावं सेल टाकले. पण रात्री खाली गेलो की पुन्हा दिवसाचे अकरा युनिट. मग मला वेगळीच काळजी लागली. एसी लावता येत नाही, तरी युनिट जळतात कसे? मी ठरवून टाकलं की तो एसीच्या बटणानेच चालू करत असणार. त्याच्या माघारी मी एसीचा प्लग काढून ठेवायला लागलो. तरी आकडा उतरला नाही, तेव्हा तो प्लग परत लावत असणार असं धरून चाललो. एका माणसाला चोर ठरवलं की पुढचं सगळं आपोआप जुळत जातं.

त्याने तीन आठवडे सेलचं नाव काढलं नाही. एकदा फक्त जेवताना म्हणाला, आजकाल डोकं जड राहाते बाप्पा, वय झालं. तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता.

महिना संपायला दोन-तीन दिवस असताना सकाळी तो वेळेवर आला नाही. अकराला त्याच्या बरोबरच्या एका माणसाचा फोन आला. पहाटे ड्रम भरताना त्याचा उभ्या उभ्या डोळा लागला होता. ड्रम भरून वाहिला आणि आतलं गरम केमिकल त्याच्या उजव्या पायावर सांडलं. बूट होता म्हणून पाऊल राहिलं, घोट्याच्या वर मात्र कातडी निघून आली. कंत्राटदाराने दवाखान्याचं बिल भरलं आणि सांगितलं की झोपणारा माणूस आपल्याला चालत नाही.

रूमवर तो नऊ दिवस होता. डॉक्टरांनी जखमेला घाम लागू द्यायचा नाही असं सांगितलं होतं, म्हणून आता एसी लागला. प्लग जोडून, खिळ्यावर रिमोट टांगून मी दुपारी एसी चालू केला तर तो म्हणाला, बंद कर बे, तुह्या वहीत वाढीन. नऊ दिवस तो नुसता झोपत होता. मी सुट्ट्या टाकल्या, त्याचं पांघरूण सारखं केलं, भात भरवला, आणि आतून मला सारखं वाटत होतं की त्याने एकदा तरी विचारावं, सेल कधी टाकले? दहाव्या दिवशी कळंबोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये त्याला बसवून दिलं. पुढची सीट मिळाली होती, पाय लांब करता आला. खिडकीतून त्याने मला दोनशे रुपये दिले, दिवाळीचे म्हणून.

त्यानंतर आठवड्याभरात घरमालक आले. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. करावे गावचे, बापजादे खाडीत मासे धरणारे, आता तीन फ्लॅटचं भाडं घेणारे. बिल त्यांच्या फोनवर यायचं. ते हसतच वर आले. म्हणाले, ‘पोरांनो, तुमी हितं ऱ्हाता का अंधारान बसता? अकराशे साठ बिल हाय.’

मी वही काढली. म्हटलं, नाना, असं होऊच शकत नाही, माझ्याकडे रोजचे आकडे आहेत, साडेचारशेच्या वर युनिट आहेत. त्यांनी चष्मा लावून वही पाहिली, मग म्हणाले, चल खाली. सुहासला वर थांबवलं. मीटररूममध्ये त्यांनी मला विचारलं की कुठला मीटर बघतोस, मी बोट दाखवलं. त्यांनी वर हाक मारून सुहासला मेन स्विच पाडायला सांगितलं. सुहास ओरडला, पाडला. मी लाल दिव्याकडे बघत होतो. तो लुकलुकतच होता. शेजारच्या मीटरचा दिवा विझला होता.

‘यो मीटर आपला न्हाय रं,’ नाना म्हणाले. ‘आपला त्यो.’

नवरात्राआधी सोसायटीने मीटररूमला रंग दिला होता, तेव्हा जुने नंबर पुसले गेले. रंगाऱ्याने नवे टाकताना आमचा आणि समोरच्या फ्लॅटचा उलटा टाकला. मी वही सुरू केली ती त्यानंतर. समोरच्या घरात आजोबा आजारी होते, त्यांना दिवसभर मशीनवर ऑक्सिजन लागायचा आणि एसीही. ते मला माहीत होतं. जिन्यात त्यांच्या सुनेला मी दोनदा गॅसचं सिलेंडर वर चढवून दिलं होतं.

नाना म्हणाले, जाऊ दे, बिल कमी आलं, बरं झालं. सुहास म्हणाला, गजू, ह्या महिन्यात तुझा वाटा माफ. मी वही फाडली नाही की जाळली नाही. खूप दिवस ती तशीच पडून होती, मग रद्दीत गेली.

पायावर भाजल्याचा डाग राहतो, तसा माझ्या डोक्यात हिशोबाचा एक प्रकार राहिलाय. तीन आठवडे, रोज एक तास. एकवीस तास गारवा. त्यातून माणसाला किती झोप मिळाली असती? तेवढ्याने त्या पहाटे त्याचा डोळा लागला नसता का? बारा वर्षं नाईट करणारा माणूस, ऑक्टोबर, तो एक तास असता तरी लादीवर यायचाच. मी स्वतःला असंही समजावतो. एखाद्या दिवशी पटतंही. पण त्या वर्षापासून कोणी माझ्याकडे काहीही मोजायला दिलं की मी ते दुसऱ्याकडे सरकवतो. दुकानात मला बढती मिळत होती, स्टॉकची जबाबदारी, दोन हजार जास्त. नको म्हटलं. मॅनेजर म्हणाले, माणूस पुढे जायला बघतो, तू मागे का सरतोस?

दत्ताभाऊशी फोनवर बोलणं व्हायचं. प्रत्येक वेळी तो आधी विचारायचा, जेवला का, रूम तीच हाये का, सुहासचं लगन झालं का. सांगायचं म्हणून मी फोन लावायचो आणि हालहवाल विचारून ठेवायचो.

ह्या उन्हाळ्यात आईला बघायला गावी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी गेलो. तो आता मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीवर बसतो. चालताना उजवा पाय किंचित ओढतो. त्याने मला पाहिलं आणि गिरणी बंद करून घरी घेऊन आला. भुवयांवर पीठ होतं. वहिनींनी चहा ठेवला. घरात कूलर नव्हता, एक टेबलफॅन होता, तो त्याने माझ्याकडे वळवला.

मी सांगून टाकलं. चुकीचा मीटर, वही, मंगळवारची दुपार, सगळं. त्याच्याकडे न बघता सांगत होतो, ओसरीवरच्या पोत्यांकडे बघून. शेवटी म्हटलं, भाऊ, सेल संपले नव्हते. रिमोट माझ्याजवळ होता. मी रोज सोबत नेत होतो.

त्याने हाताने भुवयांवरचं पीठ पुसलं. मग त्याने विचारलं,

‘मंग बिल किती आलं व्हतं?’

मी म्हटलं, अकराशे साठ.

‘तिघांत,’ तो म्हणाला. मनात भागाकार करत असावा, ओठ हलत होते. ‘म्हंजे चारशेच्या आतच पडलं माह्या वाट्याले.’ आणि त्याचा चेहरा खरोखरच उजळला. आत बघून वहिनींना म्हणाला, ‘ऐकलं का वं, गजूनं त्या महिन्यात बिल अकराशेवर आनलं व्हतं. साडेचार हजाराचं.’

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही ऐकलं ना मी काय सांगितलं?

‘ऐकलं ना,’ तो म्हणाला. ‘चाय पी.’

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. कप माझ्या हातात देत म्हणाल्या की तुमच्यासारखं घरचं माणूस रूमवर होतं म्हणून त्या सगळ्या वर्षांत मला इकडे घोर नव्हता, ह्यांची जेवणाखाण्याची, झोपेची काळजी करायला कोणीतरी आहे एवढं पुरे होतं. मी कप दोन्ही हातांनी धरला. चहा खूप गोड होता, पाहुण्यासाठी करतात तसा.

दत्ताभाऊ म्हणाला, रात्री त्याला अजून झोप लागत नाही. बारा वर्षांची खोड, सहजासहजी मोडत नाही. गावात सगळे झोपतात तेव्हा तो ओट्यावर बसून असतो. आता तासभर पडतो म्हणाला, तू बस, जाऊ नको. जमिनीवर पोतं टाकून त्याच्यावर आडवा झाला आणि बोलता बोलताच त्याचा श्वास लांबला. वहिनींनी दार लोटून घेतलं, फटीला फडकं लावलं. बाहेर गल्लीत पोरं खेळत होती, त्यांना हातानेच दूर पिटाळलं. तोंडाने एक शब्द काढला नाही. ही सवय त्यांनी कधी लावून घेतली असेल, मी विचारलं नाही.

मी कप भिंतीकडे सरकवून ठेवला, आवाज न करता. टेबलफॅन हळूच उचलून त्याच्या बाजूला वळवला. मग दाराशी जाऊन चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी अंगणात उतरलो. फरशी तापलेली होती. कोपऱ्यापर्यंत तसाच चालत गेलो.